खवय्या की जाणकार?

आंब्याच्या पेटीतली चिठ्ठी, खानावळीची पाटी, सत्काराची पत्रिका. चव कळणाऱ्या माणसाला इथे काय म्हणायचं? देवगडला आमच्या घरी दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न पडला होता.

पहिला आठवतो तो खवय्या. शब्द गोड आहे. सुरमईचा तुकडा, सोलकढी, पुन्हा मागितलेला भात, सगळं त्यात येतं. पण त्याचा सगळा भर खाण्यावर, आणि मला खटकलं ते तिथेच. आमच्या काकांनी आयुष्यभर आढी लावली, म्हणजे आंबे पेंढ्यात पिकत घातले. पेंढ्यात हात घालून, फळ न दाबता, नुसत्या वासावरून आज कुठला आंबा काढायचा ते सांगतात. देठाजवळचे खांदे बघून फळ तयार उतरवलंय की कोवळं, ते ओळखतात. (साका, म्हणजे आतला न पिकलेला पांढरट गर, मात्र बाहेरून कळत नाही, हे तेही मान्य करतात.) मधुमेहामुळे स्वतः मात्र हंगामात चार फोडींपलीकडे जात नाहीत. त्यांच्या सत्काराच्या पत्रिकेत आम्ही 'अस्सल खवय्ये' छापलं. वाचून ते एवढंच म्हणाले, "अरे, मी खातो कुठे?" मला फार लागलं ते. पत्रिका पुन्हा छापून घेतली.

फ्रेंचांनी हा फरक दोन शब्दांत वाटून घेतलाय: गूर्मां म्हणजे आवडीनं भरपूर खाणारा, गूर्मे म्हणजे पारखून खाणारा. इंग्रजीतला 'कॉनोसर'सुद्धा फ्रेंचमधल्या 'जाणणे' या क्रियापदावरूनच आलाय. आपला जाणकार त्याच वाटेचा.

बाकीचे शब्दही लिहून पाहिले. दर्दी मैफलीत शोभतो. पण आमच्या पेट्या मुंबईच्या गुजराती घरांतही जातात, आणि गुजरातीत दर्दी म्हणजे रुग्ण. रसिक म्हटलं की दशावतार बघायला रात्रभर बसलेली माणसं डोळ्यांसमोर येतात. खरं तर त्या शब्दात रस आहे, जिभेचे सहाही रस आहेत. चोखंदळ म्हणजे कल्ले उघडून बघितल्याशिवाय बांगडा न घेणारं गिऱ्हाईक. मला तो आवडतो, पण घरात 'फार चोखंदळ आहे हो' हे बहुधा तक्रारीच्या सुरातच ऐकू येतं.

जाणकारातही उणीव आहे. राजकारणाचे, कायद्याचेही जाणकार असतात, म्हणून आधी 'चवीचे' किंवा 'आंब्याचे' जोडावं लागतं. पण तो बाईला आणि पुरुषाला सारखाच चालतो. बंदरावर टोपलीकडे नुसतं बघून मासळी कालची की आजची ते सांगणाऱ्या बाईला खवय्यी म्हणणार का? निदान मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

खानावळीची पाटी असेल तर खवय्याच ठेवा, भूक लागलेल्या माणसाला तोच हाक मारतो. आमच्या पेटीतल्या चिठ्ठीवर मात्र आता 'आंब्याच्या जाणकारांसाठी' असं असतं, आणि ती चिठ्ठी काका स्वतःच्या हातानं पेंढ्यावर ठेवतात.