तेराव्या महिन्यात बनलेले व्हॉल्व्ह

मी ४३,६५० रुपयांना फसलो. रक्कम सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण गेले चार महिने ओळखीचे लोक आडून आडून तीच विचारत आहेत आणि "थोडेफार गेले" असे सांगून मी वेळ मारून नेत आलो आहे. जुने अँप्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर आणि व्हॉल्व्हचे, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांवर चालणारे, रेडिओ दुरुस्त करण्याचा नाद मला बावीस वर्षांचा आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर नवख्यांना सोबत नेऊन काय घ्यावे आणि कशाला हात लावू नये, हे सांगणारा माणूस मीच. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटते. तरीही लिहितो आहे, कारण त्याच विक्रेत्याशी बोलणी चालू असलेले आणखी दोघे जण गेल्या महिन्यात मला भेटले.

आमच्या आत्याच्या यजमानांनी अमेरिकेहून परतताना डायनाको कंपनीचा स्टीरिओ ७० हा अँप्लिफायर आणला होता. १९५९ पासून सुट्या भागांचे किट म्हणून विकला गेलेला, दर चॅनेलला ३५ वॅट देणारा हा अँप्लिफायर त्यांनी स्वतः बसून जोडलेला होता. ते गेल्यावर तो माळ्यावरून माझ्याकडे आला. मी त्याचे फिल्टर कपॅसिटर बदलले, बायसच्या (व्हॉल्व्हमधून किती प्रवाह जावा हे ठरवणाऱ्या) सर्किटमधला सेलेनियम रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा भाग) काढून तेथे सिलिकॉन डायोड बसवला आणि आपल्या विजेसाठी २२० ते ११० व्होल्टचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेतला. उरले ते चार ईएल ३४ व्हॉल्व्ह. मूळचे मुलार्ड या इंग्लंडमधल्या कंपनीचे होते, पण पार थकलेले. आज बनणारे व्हॉल्व्ह घालून काम भागले असते, हे मला पत्नीनेही सांगितले होते आणि मलाही कळत होते. पण काकांनी जसा जोडला होता तसाच तो पुन्हा वाजावा, अशी इच्छा मनात धरून बसलो होतो.

विक्रेता परराज्यातला. त्याने आधी माझा विश्वास कमावला, आणि त्यासाठी त्याला फक्त एक प्रामाणिक व्यवहार करावा लागला. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले दोन ईएल ८४ व्हॉल्व्ह मी त्याच्याकडून १,६०० रुपयांना घेतले. चार दिवसांत आले, उत्तम निघाले, कापसात गुंडाळलेले होते. ही पद्धत काही नवी नाही, आपण सगळेच ती जाणतो. पण जाणत असणे आणि त्या वेळी आठवणे यांत फरक पडतो, तो असा.

त्यानंतर तीन आठवड्यांनी त्याचाच फोन आला. बंद पडलेल्या एका चित्रपटगृहाच्या प्रोजेक्शन खोलीतून मुलार्डचे चार न वापरलेले ईएल ३४ मिळाले आहेत, मॅच केलेला, म्हणजे मोजमापे जुळवून निवडलेला, संच आहे, दुसरे गिऱ्हाईक थांबले आहे. मागणी ४४,००० ची, घासाघीस करून ३८,५०० ठरले. सोबत जीझेड ३४ हा रेक्टिफायर व्हॉल्व्ह ४,५०० ला. आगाऊ २०,००० भरले, माल पाठवण्याआधी उरलेले २३,०००, आणि कुरिअरचे ६५०.

आता त्या क्षणाविषयी लिहितो. माल ठरवण्याआधी त्याने सहा फोटो पाठवले होते. मुलार्डच्या इंग्लंडमधल्या व्हॉल्व्हवर तळाजवळ काचेवर एक बारीक, राखाडी संकेतांक कोरलेला असतो. वरच्या ओळीत प्रकार, खालच्या ओळीत कारखाना, वर्ष, महिना, आठवडा. 'बी' म्हणजे ब्लॅकबर्नचा कारखाना, नंतरचा आकडा वर्षाचा शेवटचा अंक, नंतरचे अक्षर महिना, शेवटचा आकडा आठवडा. महिने ए ते एल. बाराच. चौथ्या फोटोत चारही व्हॉल्व्हवर स्पष्ट लिहिले होते: बी ५ एम २. 'एम', म्हणजे तेरावा महिना. दुष्काळात तेरावा महिना ही म्हण आपण सगळेच वापरतो, मी ती विकत घेतली.

आणि मी ते अक्षर पाहिले नव्हते असेही नाही. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, फोन हातात होता, मी तो फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि मनाशी म्हटले की हा 'एच' असावा, जरा फिसकटला असेल. चारही व्हॉल्व्हवर एकच अक्षर एकसारखेच कसे फिसकटेल, हा प्रश्न मला पडला नाही. खऱ्या संकेतांकाचे चार नमुने माझ्याच टेबलाच्या खणात, काकांच्या जुन्या व्हॉल्व्हवर होते. खण उघडायला दहा सेकंद लागली असती. सोबत आलेल्या चाचणीच्या कागदावर चारही व्हॉल्व्हना ९८, ९८, ९८, ९८ असे गुण होते. साठ वर्षांपूर्वीची चार भावंडे इतकी सारखी नसतात, हे मी दुसऱ्यांना शिकवतो. माझ्या बाजूने एवढेच सांगता येईल की फोटो त्याने मुद्दाम रात्री पाठवले आणि "सकाळपर्यंत कळवा" म्हणाला. जो विक्रेता तुम्हाला रात्र देतो आणि दिवस देत नाही, त्याचा फोन ठेवून द्यावा.

पार्सल सहा दिवसांनी आले. खोकी निळी, जुनी, कडा झिजलेल्या. त्या खोक्यांवर भुलू नका. मुलार्ड हे नाव आज एका अमेरिकी कंपनीकडे आहे आणि त्या नावाचे नवे व्हॉल्व्ह रशियात साराटोव्हला बनतात, म्हणजे मुलार्डचे अस्सल खोके ही जुन्या मालाची खूण नव्हेच. काचेवरचे ठळक नाव बोटाने पुसले जाते म्हणून माल खोटा, असेही समजू नका, कारण खऱ्या मुलार्डचेही ते पुसले जाते. पाहायचा तो तळचा संकेतांक. तो जात नाही. मी अंगठ्याचे नख त्यावर फिरवले तर पांढरी पापडी नखात आली. मग काचेवर तोंडाची वाफ सोडली, आणि त्या धूसर ओलाव्यात क्षणभर खालची पुसलेली छपाई उमटली, दुसऱ्याच कुणाची, चौकटीतली तीन अक्षरे. वाफ विरली तशी तीही गेली. मी चार वेळा वाफ सोडली. चारही वेळा तेच.

तेथेच थांबायला हवे होते. पण मन मानत नव्हते, म्हणून ते अँप्लिफायरमध्ये घातले. या अँप्लिफायरला बायस लावताना १५.६ ओहमच्या रेझिस्टरवर १.५६ व्होल्ट यायला हवेत. उजवा चॅनेल कसाबसा तेथे आला. डावा १.९ वर गेला, खाली येईना, आणि वीस सेकंदांत एका व्हॉल्व्हची आतली धातूची प्लेट भट्टीतल्या लोखंडासारखी लाल झाली. मी वीज तोडली. रेझिस्टर जळाला, आउटपुट ट्रान्सफॉर्मर वाचला, हे नशीब. संशयित व्हॉल्व्ह जुन्या यंत्रात कधीही थेट घालू नयेत, आधी व्हॉल्व्ह तपासण्याच्या टेस्टरवर लावावेत.

विक्रेता म्हणाला, "माल परत पाठवा, मिळाला की पैसे पाठवतो." मी पाठवणारच होतो, मित्राने हात धरला. माल परत पाठवू नका, तोच तुमचा पुरावा आहे. नकार दिल्यावर माझा नंबर त्याने बंद केला.

मग सुरू झाली दुसरी फसवणूक, जिच्यात कुणीच गुन्हेगार नसतो. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला. तक्रार नोंदली गेली, क्रमांक मिळाला, आणि मला समजावण्यात आले की पैसे गोठवता येतात ते तातडीने कळवल्यास. मी पैसे भरून अकरा दिवस झाले होते. पण माल सहा दिवसांनी आला तर खोटा आहे हे पहिल्या दिवशी मी कळवणार कसे, याला उत्तर नव्हते. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच, तुमचा पिन टाकून पाठवले आहेत, तेव्हा हा व्यवहार तुमच्या संमतीचा. सायबर कक्षात सांगितले, वस्तू मिळालेली आहे, म्हणजे ही सायबर फसवणूक नव्हे, स्थानिक ठाण्यात जा. ठाण्यात सांगितले, पैसे ऑनलाइन गेले ना, मग सायबरला जा. मी भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम ३१८ छापून नेले होते. हवालदारांनी ते बाजूला ठेवले, एक व्हॉल्व्ह उजेडात धरून फिरवला आणि विचारले, "काका, हा बल्ब पेटतो ना?"

मी म्हटले, पेटतो, पण...

"मग तक्रार कसली?"

त्यांचे अधिकारी तुलनेने सभ्य होते. त्यांना हे व्हॉल्व्ह खोटे असल्याचे एखाद्या सरकारमान्य तज्ज्ञाचे प्रमाणपत्र हवे होते. साठ वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये बनलेल्या काचेच्या नळीचा सरकारमान्य तज्ज्ञ पुणे जिल्ह्यात कोण, हे त्यांनाही सांगता आले नाही. तीन फेऱ्या, दोन अर्ध्या रजा, आणि हाती आला तो अर्जावर मारलेला आवक शिक्का. कुरिअरकडे पाठवणाऱ्याचा पत्ता मागितला, तर पावतीवर वस्तूची किंमत ५०० रुपये आणि पत्ता एका चौकाचा निघाला.

ग्राहक आयोगाचा मार्ग उघडा आहे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पण नोटीस पाठवायला पत्ता लागतो, चौक चालत नाही. म्हणून सांगतो: पाच हजारांवरचा माल असेल तर विक्रेत्याकडून पूर्ण पत्ता असलेले बिल आधी घ्या, तळच्या संकेतांकाचा दिवसाउजेडी काढलेला व्हिडिओ मागा, पार्सल उघडतानाचे चित्रण खंड न पाडता करा. "जुन्या मालाला बिल नसते" असे म्हणणाऱ्याकडून मी आता स्क्रूदेखील घेणार नाही.

अँप्लिफायरमध्ये सध्या १०,८०० रुपयांचे, आज बनणारे साधे व्हॉल्व्ह आहेत. दोन्ही चॅनेल १.५६ वर स्थिर आहेत. पत्नीला आवाजात काही फरक वाटत नाही, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर मलाही. तक्रारीची स्थिती चार महिने "प्रक्रियेत" आहे. विक्रेत्याची जाहिरात काल पुन्हा दिसली. फोटो तेच, चौथ्यात बी ५ एम २ स्वच्छ वाचता येते. मागणी आता ४६,००० आहे.