सार्वजनिक आरोग्याचं मायनर घ्यावं, की सरळ नर्सिंगला जावं?

गावाच्या आरोग्याचं काम करायचंय, असं ठरवलेल्या धानोरा, दारव्हा, चिखलदऱ्याकडच्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. मायनर म्हणजे बीए-बीएस्सीच्या मुख्य विषयासोबतचा जोडविषय.

घरी कोरडवाहू शेती आहे आणि शिक्षण संपताच पगार सुरू व्हायलाच हवा, तर नर्सिंग. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं, बारावीला जीवशास्त्र हवं. पास झाल्यावर परिचर्या परिषदेत नोंदणी होते, आणि उपकेंद्रावरच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या जागेसाठीही ही पदवी चालते. मायनरने यातलं काहीच मिळत नाही, इंजेक्शन द्यायचा अधिकारसुद्धा नाही. ‘मायनर घे, आरोग्य खात्यात लागशील’ असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या १२० श्रेयांकांपैकी (क्रेडिट) २४ मायनरचे. त्यातून मिळते ती विचार करायची पद्धत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जण दगावले. नर्सने त्या रुग्णांना जपलं. पण पऱ्हाटी (कपाशी) डोक्याच्या वर गेलेली, दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, अंगावर संरक्षक कपडे नाहीत, हे सगळं एकत्र का आलं आणि पुढच्या हंगामात कसं थांबवायचं, हा प्रश्न सार्वजनिक आरोग्याचा. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायला शिकवलं आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. हे कळलं, कारण शेजारच्या तुलनेच्या गावांतलाही प्रत्येक जन्म-मृत्यू नोंदला जात होता. ही मोजणी मला या विषयाचा गाभा वाटते. म्हणून मुख्य विषय संख्याशास्त्र असेल तर उत्तमच. सिकलसेलसारख्या आनुवंशिक रक्तविकाराची ओढ असेल तर प्राणिशास्त्र.

पुढे दोन वर्षांचं एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी आहे. बऱ्याच संस्था त्याला कुठल्याही शाखेचा पदवीधर घेतात, नर्सिंगवाल्यांनाही. उलट बीए करून नर्सिंगकडे वळायचं तर पहिल्या वर्षापासून सुरुवात. त्यामुळे जीवशास्त्र आहे पण मन ठरत नाही, त्यांनी नर्सिंग घ्यावं. कला शाखेच्या, आकड्यांत रमणाऱ्या मुलांना मात्र मायनर मी आग्रहाने सुचवेन.

फक्त प्रवेशाआधी कॉलेजात विचारा: शिकवणार कोण, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा गावात प्रत्यक्ष काम आहे का? नुसतीच व्याख्यानं असतील, तर संख्याशास्त्राचं मायनर घ्या. एमपीएचला तेही उपयोगी पडतं.