गच्चीवरचा सोलर इन्व्हर्टर: वीज आपली, मग डेटा व्हेंडरच्या खात्यात का?

नागपुरात ‘पीएम सूर्यघर’ या सरकारी अनुदानाच्या योजनेतून घरोघरी बसतो तसलाच ३ किलोवॉटचा सिंगल फेज इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारं यंत्र), सोबत त्याला इंटरनेटशी जोडणारा वायफाय डोंगल. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही काढल्यानंतरचा हा अनुभव.

यंत्राबद्दल तक्रार नाही. स्वच्छ दिवशी १२ युनिटांच्या आसपास वीज मिळते. मे महिन्यात ऊन रणरणतं म्हणून जास्त मिळेल, ही आशा सोडा. पॅनल ६५ अंशांवर गेलं की २५ अंशांच्या वरच्या प्रत्येक अंशामागे साधारण ०.३५ टक्के, म्हणजे जवळपास १४ टक्के वीज तिथेच जाते. इन्व्हर्टर पश्चिमेच्या उघड्या भिंतीवर असेल तर नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, तोही तापून आउटपुट उतरवतो. सावलीची भिंत धरा आणि वर-खाली हवा खेळू द्या.

पटलं नाही ते डोंगलचं प्रकरण. तो दर पाच मिनिटांनी आकडे कंपनीच्या सर्व्हरवर टाकतो. अ‍ॅपमध्ये ‘प्लांट’ (आपल्या सोलर यंत्रणेची नोंद) व्हेंडर, म्हणजे सोलर बसवून देणारा, स्वतःच्या खात्यात उघडतो आणि घरमालकाला फक्त बघण्यापुरतं लॉगिन देतो. त्यात आलेख दिसतो, पण जुने आकडे उतरवून घेता येत नाहीत. व्हेंडरच्या खात्यातून मात्र व्होल्टेजच्या मर्यादा बदलता येतात, दुरून इन्व्हर्टर बंदही करता येतो. घरच्या वापराचा मीटर जोडलेला असेल तर कूलर कधी सुरू होतो आणि घर कोणत्या दिवशी रिकामं असतं, हेही त्या आलेखात उघड दिसतं. पैसे घरमालकाने मोजलेत. ही किल्ली त्याच्याच हातात हवी, व्हेंडरला दुरुस्तीपुरती परवानगी पुरे.

म्हणून शेवटचा हप्ता देण्याआधी प्लांटची मालकी आपल्या ईमेलवर करून घ्या. नंतर फोन उचलले जात नाहीत.

दुसरं काम तारेचं: आकडे कंपनीच्या सर्व्हरवरून न घेता थेट इन्व्हर्टरमधून आपल्या छोट्या संगणकावर वाचायचे. बऱ्याच इन्व्हर्टरला आरएस-४८५ पोर्ट, म्हणजे दोन तारांवरून आकडे देणारी जोडणी, असते. यूएसबी-आरएस-४८५ कन्व्हर्टर दोन-चारशे रुपयांत मिळतो. कॅट-६ केबलची एकच पिळलेली जोडी घ्या, ए ला ए आणि बी ला बी. उत्तर आलं नाही तर आधी दोन तारा अदलाबदल करून बघा, कारण ए-बीची खूण सगळ्या कंपन्या सारखी करत नाहीत. संगणकावरच्या प्रोग्राममध्ये भाषा मॉडबस आरटीयू (यंत्रांनी आकडे देण्या-घेण्याची ठरलेली पद्धत), वेग बहुधा ९६००, स्लेव्ह आयडी (तारेवरचा इन्व्हर्टरचा क्रमांक) १. रजिस्टरचा तक्ता, म्हणजे कोणता आकडा कोणत्या क्रमांकावर मिळतो याची यादी, व्हेंडरकडून लेखी मागा. फक्त वाचायचे फंक्शन कोड (मॉडबसच्या आज्ञांचे क्रमांक) ०३ आणि ०४ वापरा. ०६ आणि १६ लिहिण्याचे आहेत, त्यांना हात लावू नका. व्होल्टेज बहुधा दहापट येतं: २३८४ आलं तर ते २३८.४ व्होल्ट. एकूण युनिटांचा आकडा अफाट आला तर ३२ बिटांच्या आकड्याचे १६-१६ बिटांचे दोन तुकडे उलटे जोडले गेलेत. डोंगल त्याच पोर्टवर असेल तर एका तारेवर प्रश्न विचारणारे दोघे (दोन ‘मास्टर’) होतात आणि उत्तरं तुटतात. तेव्हा डोंगल काढा. ही केबल एसी वायरच्या पाइपातून नेली तर सीआरसीच्या (आकडे नीट पोचले का, या तपासणीच्या) चुका येतच राहतात. रात्री उत्तर येत नाही, तो बिघाड नव्हे. पॅनलची वीज गेली की इन्व्हर्टर झोपतो.

याचा उपयोग कुठे झाला ते सांगतो. भर दुपारी उत्पादन अचानक शून्यावर येई. अ‍ॅपच्या पाच मिनिटांच्या नोंदीत नुसता खड्डा दिसे, कारण कळत नसे. दर दहा सेकंदांच्या नोंदीत मात्र स्पष्ट दिसलं: लाइनचं व्होल्टेज २५० च्या वर चढत जातं, मर्यादा ओलांडली की इन्व्हर्टर लाइनपासून सुटतो आणि काही मिनिटांनी परत जोडला जातो. वीज कंपनीकडच्या तक्रारीला असा तारीख-वेळेचा कागद लागतो. पॅनलच्या कार्यक्षमतेच्या वॉरंटीचंही तेच. जुन्या नोंदी व्हेंडरकडेच असतील तर घट दाखवणार कशाने?

कायद्याची मदत अर्धवट आहे. वीज ग्राहक हक्क नियम २०२० नुसार स्मार्ट मीटरमधल्या वापराचे आकडे ग्राहकाला मिळायला हवेत. आपल्या पैशाने घेतलेल्या इन्व्हर्टरबद्दल इतकं स्पष्ट काही नाही. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात माहिती मागण्याचा आणि पुसायला लावण्याचा हक्क आहे, पण डेटा उचलून दुसरीकडे नेण्याचा नाही. युरोपात १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेला डेटा कायदा उपकरण वापरणाऱ्याला त्याचा डेटा विनाशुल्क देणं बंधनकारक करतो. आपल्याकडे निदान सरकारी अनुदानातून बसणाऱ्या इन्व्हर्टरना तरी ही अट घालायलाच हवी.

तोवर नवीन ऑर्डर देताना कोटेशनवरच तीन गोष्टी लिहून घ्या: प्लांटची मालकी ग्राहकाच्या नावे, आरएस-४८५ पोर्ट मोकळा आणि रजिस्टरचा तक्ता. नोंदी ठेवणारा छोटा संगणक गच्चीवरच्या डब्यात ठेवू नका, आपल्या उन्हात मेमरी कार्ड टिकत नाही. तो घरात राउटरजवळ ठेवा आणि महिन्याला एकदा सीएसव्ही फाइल पेनड्राइव्हवर उतरवा.