मृत वन्यप्राण्याचा नमुना: बर्फात की फॉर्मेलिनमध्ये?

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, ते एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूमुळे. असा विषाणू पकडायचा तर बर्फातलाच नमुना हवा. नाक, घसा, गुदद्वाराचे स्वॅब डॅक्रॉन या कृत्रिम धाग्याचे घ्या. लाकडी काडीमुळे पीसीआर, म्हणजे विषाणूची जनुकीय चाचणी, बिघडू शकते. ते स्वॅब व्हीटीएममध्ये (विषाणू टिकवून ठेवणाऱ्या द्रवात), ४ अंशांवर, प्रयोगशाळेत ४८ ते ७२ तासांत पोचायला हवेत. उशीर होणार असेल तर उणे ८० अंश. साध्या फ्रीजरचे उणे २० विषाणूला मारक ठरते. मे महिन्यात नागपूरहून भोपाळच्या प्रयोगशाळेकडे जाताना वाटेत बर्फ वितळला, की सगळे मुसळ केरात.

फॉर्मेलिनला, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या फॉर्मल्डिहाइडच्या द्रावणाला, उन्हाची एवढी धास्ती नाही. १०० मिली बाजारी फॉर्मेलिन, ९०० मिली पाणी, फॉस्फेट बफर. तुकडा अर्धा सेंटिमीटर जाड, द्रव दसपट. अख्खे फुप्फुस बुडवले तर द्रव आत शिरेपर्यंत मधला भाग कुजतो. ऊतींतले बदल इथेच नीट दिसतात. विषाणू मात्र वाढवता येत नाही.

दोन्ही एका डब्यात नकोतच: फॉर्मेलिनची वाफ बर्फातला ताजा नमुना बिघडवते. एकच जमणार असेल तर साथीच्या संशयात बर्फ निवडा. आणि न गोठणारे काळे रक्त दिसले, अँथ्रॅक्स या माणसालाही होणाऱ्या जीवाणूजन्य रोगाची शंका आली, तर शव उघडूच नका.