ओझोन नापास, कार्बन फिल्टर काठावर पास: गाडीतल्या कुबट वासाचा निकाल

आमच्या घरात माझं नाक तिखट. इलेक्ट्रिक गाडी घेऊन वर्षही झालं नव्हतं आणि एसी लावला की पहिली दहा सेकंदं मला न वाळताच घडी घालून ठेवलेल्या टॉवेलचा वास यायचा. यांना काही यायचं नाही. "तुला काय, कशालाही वास येतो," हे यांचं निदान. पेट्रोलच्या गाडीत असला वास इंजिनाच्या वासात दबूनही गेला असता, या गाडीत लपायला जागाच नाही.

आधी डॅशबोर्डवर परफ्यूमची बाटली लावली. मग टॉवेलला लव्हेंडरचा वास यायला लागला. एक तारा, तोही बाटली दिसायला बरी होती म्हणून.

मग सर्व्हिस सेंटरमध्ये ओझोन ट्रीटमेंट. गाडी बंद करून आत यंत्र ठेवतात, ते ओझोन सोडतं आणि ओझोन वासाच्या कणांचं विघटन करतो. तत्त्व खोटं नाही. पण ओझोन फुप्फुसांना घातक असतो, त्यामुळे यंत्र काढल्यावर दारं उघडी टाकून गाडी चांगली हवेशीर करायची असते. माझ्या हातात किल्ली दिली तेव्हा सगळ्या काचा वर होत्या, आत बसताच घसा खवखवला. वास पाचव्या दिवशी परत. तक्रार केली तर दुसऱ्या ट्रीटमेंटचं फुकट कूपन मिळालं!

तेव्हा ठरवलं, वास कसला आहे यापेक्षा तो कधी येतो हे लिहून काढायचं. इलेक्ट्रिक गाडीत वास आला की मन थेट बॅटरीवर जातं, म्हणून आधी भीतीदायक गोष्टी खोडल्या. गोडसर वास असता तर कूलंट गळत असण्याची शंका. सडक्या अंड्यांसारखा असता तर बारा व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी जास्त चार्ज होतेय का ते पाहायला हवं, कारण ती छोटी बॅटरी बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांतही असते. जळक्या प्लास्टिकचा किंवा मासळीसारखा वास म्हणजे कुठलं तरी कनेक्शन तापतंय. आणि नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोड-उग्र वास आला तर तपास करत बसायचंच नाही: गाडी थांबवायची, सगळ्यांनी उतरून लांब जायचं आणि मदत बोलवायची, कारण तो मुख्य बॅटरीच्या सेलमधल्या द्रावणाचा असू शकतो. थंडीत पहिल्यांदा हीटर लावल्यावर येणारा जळकट वास मात्र बहुतेक वेळा साठलेल्या धुळीचा असतो, काही मिनिटांत जातो.

माझा वास यांपैकी एकही नव्हता. चार्जिंगला गाडी लावली तरी नाही, हीटरवर नाही, फक्त एसी बंद करून काही तासांनी पुन्हा लावला की. म्हणजे ओल.

मग कार्बनचा केबिन फिल्टर आणला. साधा फिल्टर धूळ अडवतो, यातला कोळसा वायूही धरून ठेवतो. ग्लव्ह बॉक्स काढून दहा मिनिटांत बसला. हवेच्या दिशेचा बाण तेवढा बघून बसवा, मी पहिल्यांदा उलटा घातला होता. बाहेरच्या धुराचा वास जवळपास थांबला. कुबट वास निम्मा झाला, गेला नाही. जाणार कसा? आमच्या गाडीत हवा फिल्टरमधून जाऊन मग कूलिंग कॉइलवर, म्हणजे हवा गार करणाऱ्या एसीच्या जाळीवर येते, आणि घाण कॉइलच्या बाजूला होती. तीन तारे. दोष फिल्टरचा नाही, अपेक्षा माझीच चुकीची.

खरा धागा पार्किंगमध्ये सापडला. दमट दिवस, शेजारच्या गाडीखाली एसीच्या पाण्याचं थारोळं आणि आमच्या गाडीखाली ठणठणीत कोरडं! पाणी बाहेर पडत नाही, तर जातंय कुठे? पुढच्या सीटसमोरची मॅट उचलून हात घातला, खालचा फोम पिळून काढण्याइतका ओला.

यावेळी दुसरा मेकॅनिक गाठला. त्याने ड्रेन पाइप, म्हणजे कॉइलवरचं पाणी गाडीखाली सोडणारी नळी, हवेच्या झोताने मोकळा केला आणि काळपट लगदा बाहेर आला. मग कॉइलवर फोम क्लीनर मारला. तो डबा विकतही मिळतो, पण अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत त्याच पेटीत उच्च दाबाच्या विजेचा हीटर असतो. नारिंगी केबल दिसली की हात मागे घ्यायचा. म्हणून हे काम जाणत्या माणसाकडेच द्या. फोमला चार तारे, मेकॅनिकला पाच. कार्पेट उचलून वाळवायला दोन दिवस गेले आणि हा खटाटोप टाळला असता तर वास राहिलाच असता.

आता पोहोचण्याच्या पाचेक मिनिटं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवते, कॉइल वाळते. रेंज वाचवायला सतत आतलीच हवा फिरवायची सवयही सोडली, त्याने ओल आतच कोंडते.

हे अजूनही म्हणतात, मला तर आधीपण वास नव्हता. ओझोनचं कूपन ग्लव्ह बॉक्समध्ये पडून आहे, कुणाला हवं असेल तर घेऊन जा.