चक्कुबंदीतला एक शब्द

बेळगावजवळ मार्कंडेय नदीच्या काठाला स्वस्तात प्लॉट आहे असं कुणी सांगितलं, तर एप्रिल-मेमध्ये बघायला जाऊ नका. मी गेलो होतो. ताजा लाल मुरूम, चुन्याच्या रेघा, कोपऱ्या-कोपऱ्यावर सिमेंटचे खुंट. कडेच्या बाभळीवर, माझ्या डोक्याच्या उंचीला, पिशव्या आणि भाताचा पेंढा अडकलेला दिसला. वाऱ्यानं आला असेल म्हटलं. पिशवी वाऱ्यानं येईल, पण पेंढा फांदीला असे वेढे घालून बसत नाही, हे तेव्हा सुचलं नाही.

मी उद्यमबागेत लेथवर काम करतो. तीस बाय चाळीसचा प्लॉट साडेसहा लाखांत म्हटल्यावर डोकं चालेनासं झालं. एजंट आपल्यातलाच, मराठी. कागद सगळे कानडीत. "दादा, वाचायला कशाला कुणाला शोधत बसताय? मी सांगतो की." आणि त्यानं चक्कुबंदी, म्हणजे जागेच्या चारी बाजूंच्या हद्दी, वाचून दाखवली: पूर्वेला रस्ता, पश्चिमेला शेतवडी. मला कानडी कामापुरतं बोलता येतं, वाचता येत नाही. ते कबूल करायची सीमाभागात एक वेगळीच लाज असते. त्या लाजेवर याचा धंदा चालतो.

खरेदीखताचं विचारलं तर म्हणाला, "शेतजमीन आहे, बिगरशेती म्हणजे एनए झालं की रजिस्टर करू. तोवर बाँड." बाँडवर दोघांचे फोटो, नोटरीचे शिक्के. इतके शिक्के बघितले की जागा आपली झाली असं वाटतं. नोटरी फक्त सही तुमचीच आहे एवढं सांगतो. शंभर रुपयांवरची जागा रजिस्टर खरेदीखताशिवाय विकली जात नाही, हा कायदा 1882 पासूनचा आहे. उताऱ्यावर आजही मूळ शेतकऱ्याचंच नाव आहे.

जुलैत नदीवरच्या राकसकोप धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी वाचून गाडी काढली. नदी अजून पात्रातच होती, तरी माझा एकही खुंट दिसेना. शेजारच्या शेतात एक आजी इरलं घेऊन बांधावर उभी होती.

"ह्यो वढा हाय की रे बाबा. मुरूम टाकून बुजवलाय त्यांनी. पाणी कुठं जाणार?"

ओढ्यातून वरच्या शेतांचं पाणी नदीला जातं. नदी फुगली की ते आत शिरत नाही, उलट नदीचंच पाणी ओढ्यानं मागे येतं. त्यामुळं काठ फुटायच्या आधीच प्लॉट बुडतो. आणि भराव घातल्यावर राहिलेलं पाणी आजीच्या भातात घुसतं.

रात्री सातवीतल्या मुलीपुढं कागद ठेवला. शाळेत तिला कानडी आहे. बोट ठेवत वाचत गेली आणि थांबली. "पप्पा, पश्चिमेला 'हळ्ळ' लिहिलंय. हळ्ळ म्हणजे ओढा ना?"

म्हणजे लपवलेलं काहीच नव्हतं. उताऱ्याच्या तिसऱ्या रकान्यात खराब्याचं, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या जागेचं, क्षेत्र वेगळं दाखवतात. त्यातला 'बी' खराब म्हणजे नाला, वाट अशी सार्वजनिक जागा, ती कुणालाच विकता येत नाही. आमच्या सर्व्हे नंबरात तो आकडा होता. भूमापन खात्याच्या गावनकाशावर ओढ्याची रेघ होती. मोबाईलवर सरकारचं दिशांक ॲप उघडून त्या मुरमावर उभं राहिलो असतो तर सर्व्हे नंबर तिथंच कळला असता, आणि उतारा कुणाहीकडून वाचून घेता आला असता. लेआउटला बुडाची, म्हणजे बेळगावच्या नगरविकास प्राधिकरणाची, मंजुरी आहे का, एवढंही विचारलं नव्हतं. हे सगळं मी साडेसहा लाख दिल्यावर शिकलो.

पोलिसांनी दिवाणी मामला म्हणून वकिलाकडं पाठवलं. एजंटनं खूप मागं लागल्यावर दोन लाख परत दिले, आता फोन उचलत नाही. वकील म्हणतात बाँड जपून ठेवा, पैसे दिल्याचा पुरावा तेवढाच आहे.

यंदाही आजीच्या भातात पाणी शिरलं. मी दिसलो की ती तोंड फिरवते. तिच्या लेखी मी त्या प्लॉटवाल्यांपैकीच एक.