दंडाला बांधायचं बीपी मशीन आणि त्याचं अ‍ॅप : दिवाळी ते पावसाळा

आई ७६ वर्षांची, कराडला राहते, मी पुण्यात. बीपीची गोळी कित्येक वर्षं चालू आहे, पण बीपी मोजलं जायचं ते दवाखान्यात गेल्यावरच, तेही जिना चढून लगेच. म्हणून दिवाळीच्या सुमाराला ब्लूटूथवालं मशीन घेतलं. आता पावसाळा लागलाय, सांगण्यासारखं बरंच साठलंय.

मशीन दंडाला बांधायचंच घ्या. मनगटाचं सुटसुटीत वाटतं, पण हात हृदयाच्या पातळीला नसला की आकडा चुकतो आणि वयस्कर माणसाला ते रोज सांभाळणं अवघड. मॉडेल ‘स्ट्राइड बीपी’ या वेबसाइटच्या यादीत आहे का ते बघा, चाचणीत उतरलेली मशीनं तिथे सापडतात. दंडाचा घेरही मोजा. नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंमीचा. आईचा दंड ३४ भरतो, त्यामुळे मोठा पट्टा सोबतच मागवला. पट्टा आखूड पडला की बीपी उगाच जास्त दिसतं.

सकाळी चहा-गोळीच्या आधी, पाठ टेकून, पाय जमिनीला, पाच मिनिटं गप्प बसायचं आणि मग मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं. यातलं गप्प बसणं आईला सगळ्यात जड! दारातून कुणी हाक मारली की ती ओ देणारच, आणि बोलताना मोजलं की आकडा चढतो. घरी मोजताना १३५/८५ ही मर्यादा धरतात, दवाखान्यात १४०/९०; हे आईला समजावल्यावर तिची धास्ती बरीच कमी झाली.

खरा उपयोग झाला तो वेगळाच. सकाळी उठताना घेरी येते, असं ती अधूनमधून म्हणायची. डॉक्टरांनी उभं राहूनही मोजायला सांगितलं, एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. कामाला येणाऱ्या मावशी शेजारी थांबायच्या. बसून वरचं १३८, उभं राहिल्यावर ११२! वरचं २० किंवा खालचं १० ने उतरलं तरी डॉक्टरांना सांगायला हवं. त्यांनी गोळ्यांमध्ये बदल केला, घेरी थांबली. या वयात पडून खुब्याचं हाड मोडलं तर काय होतं, ते आमच्या घराने पाहिलंय. या एका गोष्टीसाठी मला मशीनचे सगळे पैसे वसूल वाटतात.

अ‍ॅपने मात्र वैताग आणला. सगळं इंग्रजीत. आईचा फोन जुना. अँड्रॉइड ११ पर्यंतच्या फोनमध्ये ब्लूटूथने मशीन शोधायला लोकेशन चालू लागतं. ते बंद पडलं की मशीन सापडत नाही, आणि आईला वाटतं मशीनच बिघडलं. सेल बदलले की तारीख पुसली जाते आणि नोंदी भलत्याच वर्षात जाऊन बसतात. आकडा जरा वर गेला की स्क्रीन लालभडक. आई घाबरून पुन्हा मोजायची, तो आणखी चढायचा. ते इशारे मी बंद करून टाकले. आठवड्याच्या सरासरीची पीडीएफ मात्र डॉक्टरांना आवडते, एवढं श्रेय अ‍ॅपला द्यायलाच हवं.

घरात फोन सांभाळणारं कुणी असेल तर ब्लूटूथवालं जरूर घ्या. आई-वडील दोघंच राहत असतील तर मोठ्या आकड्यांचं साधं मशीन बरं. आकडे कॅलेंडरवर लिहायचे, महिन्याने त्याचा फोटो मागवायचा. वाचलेल्या पैशांत योग्य मापाचा पट्टा येतो.